अण्णा, ती खाच मी पाहिली होती

अण्णा, तुमचं तेरावं होऊन नऊ दिवस झाले. बिदरजवळची आपली नौबादची शेड मी रोज नऊला उघडते. लेथवरचं कापड काढते, थोडा वेळ बसते आणि पुन्हा कापड घालते. तुमच्या टेबलावर शनिवारची रिंग तशीच पडून आहे. मी ती हलवलेली नाही. हलवली तर आपलं भांडण मी जिंकल्यासारखं होईल, आणि तुम्ही समोर नसताना मला ते जिंकायचं नाही.

तेराव्याला मी तुमच्या गावी, संतपूरला आले होते. तुमच्या चुलतभावाने मला विचारलं, "आमचा नागनाथ तिकडं बिदरला नेमकं काय करायलता हो, बाई?"

"धातूच्या सीलरिंगा बनवायचे," मी म्हणाले.

"म्हंजे बोल्ट-वायसरचं काम."

"व्हय," म्हणाले आणि पत्रावळीकडे बघत राहिले. काय सांगणार होते मी? की जिथं रबर जळून जातं, अशा वाफेच्या व्हॉल्व्हमध्ये झाकणाखाली एक पोकळ गोल कडी बसते. ती एका बाजूने चिरलेली असते. झाकण आवळलं की दबते, आणि तापून झाकण केसाएवढं वर उचललं गेलं की त्याच्या मागोमाग उठते, वाफेला फट म्हणून मिळू देत नाही. दबणं कुठल्याही पत्र्याला जमतं. उठणं शिकवावं लागतं. ते उठणं किती आणि कसं, यावर तुम्ही आणि मी पंधरा वर्षं भांडलो. हे त्या मांडवात सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, बाईला दुःखाने भ्रम झालाय.

पहिल्यांदा तुम्ही आलात ते आठवतं? मी पॉलिटेक्निकला शिकवत होते. तुम्ही शर्टाच्या जुन्या कापडात गुंडाळलेली एक रिंग माझ्या टेबलावर ठेवलीत. एका औषध कारखान्याच्या पंपातली परदेशी रिंग बघून तुम्ही तिची नक्कल केली होती. नजरेला दोन्हींत काही फरक नव्हता.

"मॅडम," तुम्ही म्हणालात, "ही दबतीय. पर उठत न्हाई. कामून उठत न्हाई?"

माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने मला तोवर इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता. मी आठवडाभर त्या रिंगेच्या मागे होते. पत्रा वाकवून झाल्यावर त्याला भट्टीत ठरावीक ताव द्यायचा राहिला होता. हैदराबादला जाऊन तुम्ही तो दिलात आणि चौथ्या दिवशी परत आलात. माझ्यासमोर रिंग शिकंज्यात दाबलीत, सैल केलीत आणि मायक्रोमीटर लावलात. रिंग उठली होती. फार नाही, पण उठली होती. तुम्ही हसलात, आणि मला "अक्का" म्हणालात. मी तुमच्याहून चौदा वर्षांनी लहान. तरी त्या दिवसापासून मी अक्का आणि तुम्ही अण्णा. दोन वर्षांनी मी नोकरी सोडून तुमच्या शेडमध्ये आले तेव्हा माझ्या घरातल्या मास्तरलोकांनी डोक्याला हात लावला होता.

गणित मी करायची आणि रिंग तुम्ही. माझं ड्रॉइंग तुम्ही दोन्ही हातांत धरून, दाराच्या उजेडात जाऊन बघायचात. मग म्हणायचात, "कागदावर झ्याक बसतीय, अक्का. पर व्हॉल्व्हचं झाकण कागदाचं हाय का?" मी चिडायची. तुम्ही शांतपणे सांगायचात की ज्या कारखान्याला ही रिंग जाणार, तिथला फिटर बोल्ट एका बाजूने आवळत जातो, समोरासमोरचे आवळत नाही, म्हणून रिंग एकीकडे जास्त दबते. माझ्या गणितात फिटर नसायचा. तो तुम्ही आणलात.

आणि तरी मी कधी तुम्हाला म्हणाले नाही की अण्णा, मला हे काम तुम्ही शिकवलंत. तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरायचात, "डोकं अक्काचं, हात माझे." मी ते खोडून काढलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

आता मुख्य गोष्टीवर येते. इतकी वर्षं तिच्याभोवतीच फिरले आहे.

सहा वर्षांपूर्वी अफजलपूरकडच्या एका साखर कारखान्याचं काम आलं होतं. वाफेच्या मोठ्या व्हॉल्व्हसाठी आपली रिंग होती. गाळप सुरू व्हायला आलं होतं आणि तुम्ही सोयाबीनची रास करायला संतपूरला होतात. रिंग तुम्ही बनवून ठेवलीच होती, नेऊन बसवायची तेवढी राहिली होती. मी एकटीच गेले. गेटपासून व्हॉल्व्हपर्यंत पाच जणांनी विचारलं, "अण्णा न्हाई आले?" पाचव्यांदा मला ते झोंबलं.

रिंग ज्या खाचेत बसते ती खाच तपासायची, हा आपला नियम. नखाने तपासायची, हा तुमचा. खाचेवरचे चरे लेथचे असतील तर ते गोल फिरतात, रिंगेच्या बरोबरीने, आणि वाफेला त्यांतून बाहेरची वाट सापडत नाही. पण आडवा चरा असेल, आतून बाहेर जाणारा, तर ती वाफेची पायवाटच. मी नख फिरवलं. एका जागी अडकलं. दोन बोटं सरकून पुन्हा अडकलं. कारखान्याच्या फिटरने, बसवराजने, खाच चकचकीत व्हावी म्हणून हाताने पॉलिश पेपर मारला होता, आणि तो आडवा मारला होता. त्याने बिचाऱ्याने मन लावून केलं होतं.

"मॅडम, ठीक हाय का?" त्याने विचारलं.

ठीक नव्हतं. व्हॉल्व्ह उतरवून कलबुर्गीला नेऊन खाच पुन्हा फिरवून घ्यायला हवी होती. दोन दिवस गेले असते. मागे मॅनेजर उभे होते. ते सारखं घड्याळ बघत होते. मला म्हणता आलं असतं, अण्णांना फोन करून विचारते. तेच मला म्हणायचं नव्हतं. म्हटलं, "चालेल. रिंगेवर चांदीचा लेप आहे, तो मऊ असतो. चऱ्यात भरून बसेल."

चौथ्या दिवशी दुपारी झाकणाच्या कडेने वाफ फुटली. बसवराज बोल्ट आवळायला जवळ गेला होता. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

फोन आला तेव्हा आपण दोघं शेडमध्येच होतो. तुम्ही हातातली फाईल ठेवलीत, चपला घातल्यात आणि म्हणालात, "चला, कलबुर्गीला. दवाखान्यात." मी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी गणित परत तपासते." तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत आणि गेलात. मी गणित तपासलं नाही. गणितात काहीच चुकलेलं नव्हतं, ते मला माहीत होतं. मी दार लोटून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मीटिंग होती. मी बसने परस्पर आले, तुम्ही दवाखान्यातून आलात. तुमच्या अंगावर कालचाच शर्ट होता. मॅनेजर म्हणाले, "रिंगेत दोष होता की बसवण्यात? बसवण्यात असेल तर बसवराजवर कारवाई होईल."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, अण्णा. "साहेब, ती खाच..." एवढं म्हणाले.

"अक्का, तू गप."

तू. तोवर तुम्ही मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं, आणि पुढेही केलं नाही. मग साहेबांकडे वळून तुम्ही म्हणालात, "रिंग माझी हाय. लेप माझ्या हातून पातळ बसला. बसवराजचं काय चुकलं न्हाई, मॅडमचं बी न्हाई." त्यांनी ते लिहून घेतलं, तुम्ही खाली सही केलीत. ज्या लेपासाठी तुम्ही एकेक रिंग तीनतीनदा मोजायचात, तो पातळ बसला म्हणून सही केलीत.

परतीच्या बसमध्ये आपण एकाच बाकावर होतो. आता सांगावं, आळंद फाट्याला सांगावं, कलबुर्गी आल्यावर सांगावं, असं करत मी बसले. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मधेच म्हणालात, "तूर यंदा बरी हाय." मी म्हणाले, "हो, बरी दिसतेय." बिदर आलं.

त्यानंतर तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी बसवराजला भेटायला जायचात. मी एकदाही आले नाही. काही ना काही काम काढायची. तुम्हीही कधी आग्रह केला नाहीत.

आणि त्याच वर्षी तुम्ही तो नवा हट्ट धरलात. आत बारीक स्प्रिंगचं वेटोळं, बाहेर मऊ धातूचं वेष्टन, अशी रिंग करायची. मऊ वेष्टन चऱ्यांत शिरेल आणि आतली स्प्रिंग त्याला दाबून धरेल. "खाच आपल्या हातात न्हाई, अक्का. कुणी कशी घासंल, कुणी कशी बघंल. खाचेला सांभाळून घेणारी रिंग पाहिजे."

कुणी कशी बघंल. तुम्ही हे पुन्हा पुन्हा म्हणायचात. मला वाटायचं, माणूस मला टोचतोय. मग मी तुमच्यावर गणित घेऊन तुटून पडायची. अशी रिंग दाबायला फार जोर लागतो, जुन्या व्हॉल्व्हचे बोल्ट तेवढा ताण सोसणार नाहीत, झाकण वाकेल. यातलं खोटं काही नव्हतं, आजही नाही. पण मी एवढ्या जोराने भांडत होते ते बोल्टसाठी नव्हे. तुम्ही पुन्हा नमुना करायचात, मी पुन्हा नापास करायची. सहा वर्षं.

त्या शनिवारी तुम्ही नवा नमुना आणलात. मी न मोजताच म्हणाले, "अण्णा, यानेही बोल्ट तुटतील."

"मोजा तरी."

"मोजून काय होणार? तीच तार, तोच जोर."

"तार बारीक घेतलोय, अक्का. बघा तरी एकदा."

"सोमवारी बघू," मी म्हणाले आणि पर्स उचलली. तुम्ही मान हलवलीत. रिंग टेबलावर ठेवून, हात पुसून, संतपूरच्या बसला गेलात.

सोमवारी साडेदहा झाले तरी तुम्ही आला नाहीत. मला राग आला. वाटलं, शनिवारचा रुसवा धरलाय. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला आणि कानडीत विचारलं, तुम्ही यांच्या कोण? तो कंडक्टर होता. बस बिदरच्या स्टँडवर रिकामी झाली तरी खिडकीजवळचा माणूस उठला नव्हता. शेजारी बसलेल्या बाईला सगळ्या वाटेत वाटत होतं की झोप लागलीय.

मी कोण तुमची? बायको नाही, मुलगी नाही, नात्यातली नाही, जातीतली नाही. कंडक्टर पलीकडे वाट बघत होता. मी म्हणाले, "नानु अवर तंगी." त्यांची धाकटी बहीण. मराठीत ते मला तेव्हा म्हणता आलं नसतं.

पण संतपूरला, अंत्यविधीत, ते नातं चालणार नव्हतं. तिथं मी बिदरची मॅडम होते. बायकांच्या मागे, कडब्याच्या गंजीजवळ उभी राहिले. कुणी माझं सांत्वन केलं नाही, आणि त्यांनी का करावं? ज्यांचं गेलं ते आत रडत होते. माझं काय गेलं हे सांगायला मला शब्दच नव्हते. शेडवर परत आले तेव्हा काम करता करता "अण्णा, जरा हे..." असं म्हणून मागे वळले, आणि मग किती तरी वेळ तशीच वळलेली राहिले.

तेराव्याला वैनींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "अक्का, तिकडं अफजलपूरचा एक बसवराज हाय. दर आठ दिवसाला ह्यांला फोन करायचा. त्याला कुणी कळवलं का न्हाई काय की. तुम्ही कळवा." मी बरं म्हणाले. आठ दिवस रोज फोन हातात घेतला आणि ठेवला. काल बस धरून गेले.

बसवराज आता कारखान्याच्या स्टोअरमध्ये असतो. त्याचा हात बरा आहे, पण मूठ पुरती मिटत नाही. त्याने मला लगेच ओळखलं. "या मॅडम," म्हणून खुर्ची पुसली. मी उभ्यानेच सांगितलं, "बसवराज, अण्णा गेले."

तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मग स्वतःच त्या खुर्चीत बसला. "परवा फोन केलतो मी," म्हणाला. "लागला न्हाई. वाटलं, शेतात असतील."

थोड्या वेळाने त्याने उठून मला पाणी दिलं. ग्लास हातात असतानाच मी बोलले, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. "तुला एक सांगायचंय. त्या दिवशी खाचेत आडवे चरे होते. माझ्या नखाला लागले होते. मला माहीत होतं की ते चालणार नाही, तरी मी चालेल म्हणाले. अण्णांचा लेप बरोबर होता. चूक माझी होती."

त्याला राग आला असेल असं वाटलं. तो म्हणाला, "मॅडम, आडवं घासलेला मी. ते मला नंतर कळालं. तुम्ही नख फिरवून थांबला होता, ते बी मी बघितलो. हे सगळं मी अण्णाला त्याच दिवशी सांगितलो, दवाखान्यात."

"त्याच दिवशी? मीटिंगच्या आधी?"

"व्हय. ते म्हणले, बसवा, हे आता आपल्या दोघांत ऱ्हाऊ दे. न्हाईतर तुझी नोकरी जाईल. अन् अक्का घाबरंल. घाबरलेल्या माणसाला माप घेता येत न्हाई."

एक गोणी होती, तिच्यावर बसले.

"मी दोनदा म्हणलो त्यांना," बसवराज म्हणाला, "अण्णा, मॅडमला तरी बोला की, तुम्हाला कळालंय म्हणून. ते म्हणले, ती आपण होऊन बोलंल. मी वाट बघायलोय."

तिथून मी कारखान्याच्या ऑफिसात गेले. बसवराजला मी सांगितलं होतं की पत्रात तुझं नाव घालत नाही. तो म्हणाला, "घाला. आता काय करतेत?" तरी नाही घातलं. पत्र मी बसमध्येच लिहून नेलं होतं: त्या अपघातात रिंग बनवणाऱ्याचा दोष नव्हता, खाच तपासून मंजूर करणारी मी होते. मॅनेजर आता दुसरे आहेत, तरुण, सभ्य. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"मॅडम, ही फाईल आता शोधावी लागेल. आणि ते गृहस्थ..."

"गेले."

"मग याचा आता काय उपयोग?"

"त्यांची सही चुकीच्या वाक्याखाली आहे," मी म्हणाले. "हे तिला जोडून ठेवा."

त्यांनी पोच दिली आणि पत्र ट्रेमध्ये ठेवलं. ते फाईलला लागेल की नाही, मला ठाऊक नाही. या दोन जिल्ह्यांत त्याने कुणाला काही फरक पडणार नाही. तुमच्या चुलतभावाच्या लेखी तुम्ही बोल्ट-वायसरवालेच राहाल.

अफजलपूरच्या स्टँडवर कलबुर्गीची बस यायला वेळ होता. सोलापूरच्या गाड्या एकामागून एक लागत होत्या, भरत होत्या, निघत होत्या. तिथं बसून मी पहिल्यांदा रडले, आणि खरं सांगू? निम्मं रडणं रागाचं होतं. तुम्हाला माहीत होतं. परतीच्या बसमध्ये "तूर बरी हाय" म्हणालात तेव्हा माहीत होतं. दर वेळी ती रिंग माझ्यापुढे ठेवलीत तेव्हा माहीत होतं. मी त्याला टोचणं समजले. तुम्ही कदाचित मला बोलायला जागा करून देत होतात. मला ते कळलं नाही, आणि तुम्हीही त्याहून सोपं काही बोलला नाहीत. सहा वर्षं आपण दहा बाय वीसच्या शेडमध्ये समोरासमोर बसून एकमेकांची वाट बघितली, अण्णा.

तुम्ही मला सांभाळलंत, याचे उपकार मोठे आहेत. पण माझ्याविषयी तुमचा एक अंदाज चुकला. तुम्हाला वाटलं, मी घाबरेन आणि मला माप घेता येणार नाही. एकदा तरी सरळ म्हणायचं होतं, "अक्का, तू चुकलीस." मी तुमच्यावर ओरडले असते. घरी जाऊन दार लावून रडले असते. दोन दिवस शेडकडे फिरकले नसते.

तिसऱ्या दिवशी आले असते, अण्णा. नक्की आले असते.